सुनेची पहिली मूठ

गास,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. संपदास,

अनेक आशीर्वाद. अनूला गोड पापा. तुझ्या आई-बाबांना आमचा नमस्कार सांग. चिपळूणचा पाऊस थांबला असेल आणि अनूचा खोकला गेला असेल, असं धरून चालते.

पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर धड बोलणंच होत नाही, म्हणून लिहायला बसले. फोन लावला की हे शेजारी येऊन बसतात आणि ‘स्पीकरवर टाक, स्पीकरवर टाक’ सुरू करतात. मग अनू काय जेवली, शाळेत कोणती कविता शिकली, याच्या पुढे गाडी सरकत नाही. तूही ‘हो आई, बरं आई’ करून ठेवून देतेस. त्या ‘बरं आई’चा मला वीट आलाय, खरं सांगते. बालवाडीत जन्मभर पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली, तेव्हा चार पानं लिहिणं मला काही जड नाही.

इकडचं सांगायचं तर पाऊस एकदाचा गेला. अंगणात यंदाही घोट्याच्या वर पाणी होतं. आजूबाजूच्या खाचरांत भराव पडला, बिल्डिंगा उठल्या, आणि पाण्याला वाट म्हणून आपलं अंगण तेवढं उरलं. कोणाकडे जाऊन भांडायचं? रविवारी राजोडीला समुद्रावर जाणाऱ्या गाड्या आपल्या दारावरून चिखल उडवत जातात, त्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि गप्प बसायचं. यांची बायजाआत्या पलीकडच्या घरात ठणठणीत आहे. ऐकू कमी येतं, पण आपल्याबद्दल कोण काय बोललं ते बरोबर ऐकू येतं.

तुझी खोली मी रोज झाडते. अनूचे कपडे लहान झाले असतील, तरी उन्हात घालून परत घडी करून ठेवले.

आणि वाफे. वाफे तयार आहेत.

यांचं आता तेवढंच चाललेलं असतं. सकाळी चहा झाला की अंगणात. सिद्धेशने ते वाफे केले तेव्हा यांनी किती हसून घेतलं होतं, तुला आठवत असेल. खाली फरशी, भोवती सिमेंटचे ठोकळे, आत वीतभर माती. ‘ताटात शेती करतोस काय रे?’ म्हणाले होते. ज्यांनी उभा जन्म खाडीकडच्या मळ्यात कुदळ मारली त्यांना ते खेळणंच वाटणार. पहिल्या वर्षी मुळा खाली फरशीला टेकून वाकडा निघाला, तर तो हातात धरून गावभर दाखवत फिरले. सिद्धेश बिचारा हसायचा. ‘बाबा, पालक बघा, पालक कसा आलाय’ म्हणायचा.

आता तेच हे माती चाळतात. शेणखत घालतात, भाताचं तूस मिसळतात, पाणी मारतात, दोन दिवस गेले की परत उकरतात. माती इतकी मऊ झालीय की मांजर त्यात पाय ठेवून घाबरतं. सगळं करतात आणि बी मात्र टाकत नाहीत. दसरा गेला, कोजागिरी गेली, तरी वाफे तसेच काळे पडून आहेत.

का, ते तुला सांगायला नको. आपल्या घरात पहिली मूठ सुनेची. मळा होता तेव्हापासूनची रीत. सासूबाईंनी माझ्या हातात बी दिलं, तू आलीस तेव्हा मी तुझ्या हातात दिलं. तू विचारलंस, ‘आई, ग्लोव्हज घालू का?’ आणि आत्या हसून हसून खाली बसली. पण काय भाजी आली होती त्या वर्षी! गेल्या वर्षी कोणी विषयच काढला नाही. घरातलं दुःख ताजं होतं, तूही जेवणापुरती खोलीबाहेर यायचीस. यंदा यांनी मनावर घेतलंय. परवा यांचा दोस्त प्लासिड वांग्याची रोपं घेऊन आला. रिकामे वाफे बघून म्हणाला, “रामनाथ, अरे नुसती माती शिजवतोस काय?” हे म्हणाले, “सून यायचीय.” प्लासिडने माझ्याकडे बघितलं. मी आत गेले. तो रोपं परत घेऊन गेला.

मे महिन्यात तू सुट्टीला म्हणून गेलीस. जूनमध्ये म्हणालीस, अनूला तिकडच्याच शाळेत घालते, थोडे दिवस बरं वाटेल. आम्ही हो म्हटलं. गणपतीत तुझ्या आईचा फोन आला होता. बराच वेळ बोलल्या. असो.

मला एवढंच विचारायचंय की तू परत येणार आहेस ना? दिवाळीला ये. चार दिवस ये. बी पेरायला उशीर होतोय म्हणून नाही गं, असंच ये. यांनी मेथीचं आणि लाल माठाचं बी आणून डब्यात ठेवलंय. मी अनारसे करणार आहे, अनूला आवडतात.

तुझी,
आई


गास,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. संपदास,

आशीर्वाद.

दिवाळी झाली. तू आली नाहीस. फराळाचं पार्सल पोचलं, चिवडा छान होता, आईला सांग. हे पाडव्यापर्यंत गेटकडे बघत होते. रिक्षा थांबली की उठायचे, आणि उठलोय ते कळू नये म्हणून झाडाला पाणी घालायला गेल्यासारखं करायचे. भाऊबीजेच्या दिवशी मात्र उठले नाहीत.

मागच्या पत्रात मी ‘असो’ लिहिलं. ते ‘असो’ मला त्या दिवसापासून टोचतंय. तर आता लिहून टाकते.

मला माहीत आहे. गणपतीतच तुझ्या आईने सांगितलं. सुमेध नाव त्याचं, कॉलेजात प्रयोगशाळेत असतो, पहिली बायको बाळंतपणात गेली, स्वभावाने शांत आहे, अनूला जीव लावतो. सगळं सांगितलं त्यांनी. फार अदबीने बोलल्या. “तुमची हरकत नसेल तरच पुढे जाऊ,” म्हणाल्या. मी काय केलं माहीत आहे? “दूध उतू जातंय,” म्हणाले आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच. नंतर त्यांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. मग तू गप्प, मी गप्प. तुला वाटलं असेल, म्हातारीला कळलंय आणि ती मनात धरून बसलीय. बरोबर वाटलं तुला.

मला राग आला गं. लपवू कशाला? संताप संताप झाला. भांडी आदळली, देवाला नाही नाही ते बोलले. माझा मुलगा जाऊन एक वर्ष होतंय न होतंय आणि ही दुसरा संसार मांडतेय, असं मनात आलं. मग आरशात स्वतःचं तोंड बघितलं आणि स्वतःचाच राग आला. तुझं वय ते काय! अजून सगळं आयुष्य पडलंय. उद्या आमचे दोघांचे डोळे मिटले की तू आणि अनू या पाण्यात बुडणाऱ्या घरात कोणाच्या तोंडाकडे बघणार? हे सगळं मला कळतं. कळतं म्हणून आणखी रडू येतं. कळलं नसतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

यांना मी सांगितलेलं नाही. का नाही, ते आज तुला सांगते. हे मी कधी कोणाजवळ बोलले नाही, बायजाआत्याजवळसुद्धा नाही.

त्या जुलैत अंगणात पाणी चढलं तो दिवस आठव. तू अनूला घेऊन डॉक्टरकडे गेली होतीस. सिद्धेशचं घरून काम चाललं होतं. पाणी वाफ्यांच्या काठाला लागलं, आणि हे ओट्यावर उभे राहून ओरडले, “अरे, मातीत पाणी शिरेल, काठ अजून एक थर उंच कर.” तो लॅपटॉप बंद करून उतरला. दुपारभर त्या घाण पाण्यात उभा राहून ठोकळे लावत होता. एक ठोकळा पायावर पडला, बोट फाटलं. वर येऊन हळद लावली आणि हसत चहा प्यायला. पुढचं तुला माहीत आहे. ताप, कावीळ, डॉक्टर म्हणाले लेप्टो, उंदरांच्या लघवीने घाण झालेल्या पाण्यातून होतो. जखम होती का पायाला, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे भिंतीला टेकून उभे होते. मी यांचा चेहरा बघितला. त्या दिवसापासून हा माणूस त्या एका वाक्याखाली दबून आहे. आजवर एक शब्द बोललेले नाहीत. मीही विचारलेलं नाही. काय विचारू?

आता तुझ्या लक्षात येईल. यांना भाजी नकोय, संपदा. बाजारात मेथीची जुडी मिळते. तू येऊन पहिली मूठ टाकलीस म्हणजे तू यांना माफ केलंस, असं यांनी मनाशी धरलंय. तू गेलीस ती आपल्यामुळेच, हेही धरलंय. म्हणून माती चाळत बसतात. त्यांना जाऊन कसं सांगू की ती येणार नाही, तिचं लग्न ठरतंय? माझी जीभ उचलत नाही.

म्हणून एक मागते. तुला जिथे जायचंय तिथे जा. माझी हरकत आहे, आणि माझ्या हरकतीला काही किंमत देऊ नकोस. पण एकदा ये. एक दिवस ये. यांच्यासमोर वाफ्यात मूठभर बी टाक आणि जा. मग मी यांना सांगेन, जसं सुचेल तसं. हे मी तुला विचारतेय की धाक घालतेय, माझं मलाच कळत नाहीये.

अनूला विचार, आजीची आठवण येते का. खोटं सांगू नकोस मला, नाही म्हणाली तर नाही म्हणून कळव.

तुझी,
आई


गास,
२१ डिसेंबर २०२४

चि. सौ. कां. संपदास,

हे तीन शब्द तुझ्या नावाआधी मागे एकदा लिहिले होते, तुझ्या आणि सिद्धेशच्या पत्रिकेवर. आज पुन्हा लिहिले. लिहिताना हात थांबला, पण लिहिले. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माझ्यावर रागावली असशील असं वाटलं होतं. उघडायच्या आधी देवापुढे ठेवलं, एवढी भीती मला. आणि वाचलं तर काय, एका जागी रागाचा शब्द नाही. फेब्रुवारीत लग्न आहे, त्याआधी जानेवारीत एक दिवस अनूला घेऊन येते, बाबांसमोर बी टाकते, असं लिहिलंस. मी वाचून ओट्यावरच बसले. जे मागितलं ते मिळालं होतं.

पण त्याच्या खालचं जे लिहिलंस, ते मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. ठोकळ्याचं तुला पहिल्यापासून माहीत होतं, हॉस्पिटलात सिद्धेशनेच सांगितलं, असं तू लिहितेस. आणि काय म्हणाला, तर ‘बाबा स्वतः म्हणाले, काठ उंच कर, माती वाचव. संपदा, अगं बाबांना एकदाचे वाफे आवडले!’ असं म्हणून हसला. अंगात तेवढा ताप असताना हसला. माझं पोर गं! बापाने इतकी वर्षं टिंगल केली, आणि एक दिवस बाप म्हणाला माती वाचव, तर त्याला केवढा आनंद झाला. मी तोंडावर पदर दाबून रडले, कारण हे बाहेर होते.

तुझं पत्र आल्यावर मला थांबवेना. आज नाही तर कधीच नाही, असं झालं. सकाळची वेळ होती. हे पाटावर बसून माती चाळत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “संपदाचं लग्न ठरलंय. फेब्रुवारीत आहे.”

चाळण हलायची थांबली नाही. म्हणाले, “बरं.”

मी म्हटलं, “ऐकलंत का?”

“ऐकलं. अनू?”

“तिची मुलगी आहे, तिच्याबरोबरच असणार ना?”

मग चाळण खाली ठेवली. हात झटकले. अंगणात बघत म्हणाले, “ठोकळा मी लावायला सांगितला, जया.” लग्न झाल्यापासून यांनी मला चार लोकांत कधी नावाने हाक मारलेली नाही. चार लोक तिथे नव्हते, पण तरी. “मीच सांगितला. तो वर बसला होता, कामात होता. मला माती वाचवायची होती. ताटातली माती!” आणि स्वतःच्या मांडीवर मूठ मारली. परत मारली. मी हात धरला.

मग तुझं पत्र आणलं आणि ती ओळ वाचून दाखवली. यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “परत वाच.” परत वाचली. म्हणाले, “हसला होता?” मी म्हटलं, “हो, ती लिहितेय ना.” उठून आत गेले आणि भर उजेडात भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला उठवलं तर म्हणाले, “तू जेव.” असे दिवसामागून दिवस गेले. अंगणात पाय ठेवला नाही. वाटलं, याच्यापेक्षा माती चाळत होते ते बरं होतं. तुला फोन करणार होते, पण करून काय सांगणार होते?

मग बायजाआत्या आली. तिच्याकडे बोंबील केले होते आणि कोथिंबीर संपली होती. आपल्या वाफ्यांपाशी उभी राहिली आणि सुरू झाली.

“अगो जयवंती, यवढी माती केलीस नी कोथमीरीची काडी नाय? सगली रिकामी?”

मी म्हटलं, “आत्या, सुनेचा हात लागला नाही. संपदा आता यायची नाही.” पहिल्यांदा ते मोठ्याने बोलले, कारण तिला ऐकू येत नाही. सगळ्या आळीने ऐकलं असेल.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “नी तू कोन? पाव्हनी आलीस काय या घरान? मी तुला माप ओलांडताना बगितली हाय. तू सून नाय तं कोन?”

संपदा, अगं मला हसूच आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तू आल्यापासून सून म्हटलं की तू. मी कोणाची तरी सून आहे हे मी पार विसरून गेले होते, आणि ते ध्यानात ठेवणारं जगात एवढं एकच माणूस उरलंय. हसता हसता रडायला लागले. आत्या घाबरली. म्हणाली, “र्‍हावदे, कोथमीर नको मना,” आणि गेली बिचारी.

मी आत जाऊन यांना म्हटलं, “चला, मी टाकते बी.” भिंतीकडूनच म्हणाले, “सून आली की सासूचा हात गेला. आई सांगायची.”

“आणि सून गेली की?”

मग उठले, डबा शोधला आणि मेथीचं बी आणून माझ्या ओंजळीत ओतलं. बाहेर आलो. गुडघे धरून खाली बसले खरी, पण मूठ एकाच जागी सांडली. ढीग झाला नुसता. मला वाटलं, आता ओरडणार. मळ्यात असं कोणी टाकलं असतं तर आख्खं गाव गोळा केलं असतं यांनी. पण शेजारी बसले आणि बोटांनी ते बी हळूहळू पसरवलं, वर माती ओढली. खूप उशीर झालाय, मार्गशीर्षात कोणी मेथी पेरायला सुरुवात करतं का? थंडी पडलीय. अजून काही वर आलेलं नाही.

हात धुताना हे म्हणाले, “तिला लिही, येऊ नको म्हणावं.”

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, “कमाल करता! इतके महिने डोळे लावून बसलात, आता ती स्वतःहून येते म्हणतेय, आणि येऊ नको? तिने काय पाप केलंय?”

म्हणाले, “पाप नाही केलं. ती आली तर मी अनूला सोडणार नाही. माझं मला माहीत आहे. मी गेटला कुलूप लावीन आणि किल्ली विहिरीत टाकीन. तिला रडवून पाठवायचीय का तुला?” मग टॉवेलला हात पुसत राहिले. हात कोरडे झाले तरी पुसत राहिले. म्हणाले, “माझ्यावर तिचा राग नाही, एवढं पुरे झालं. आणखी काय मागू तिच्याकडे?”

रागाने मी स्वयंपाकघरात गेले. कणीक मळायला घेतली आणि विचार करत बसले. तू येणार, मी पोहे करणार, अनू अंगणात धावणार, तू बी टाकणार. संध्याकाळी रिक्षा येणार. आणि मग? मग मी काय करीन, ते माझ्या डोळ्यांसमोर लख्ख आलं. यांच्याआधी मीच गेटपाशी जाऊन उभी राहीन. तुझा हात धरीन. तू सोडवशील, मी पुन्हा धरीन. अनू घाबरून रडेल आणि तिच्या मनात आजी म्हणून तेवढंच राहील.

म्हणून मीही लिहिते. यांच्या नावावर ढकलत नाही, माझंच म्हणून लिहिते.

लग्नाला आम्ही येणार नाही. तुझ्या आईला सांग, माझी हरकत नाही, आणि त्या दिवशी फोन ठेवला त्याची माफी मागते. सुमेधना सांग, ही मुलगी बोलत नाही, मनात ठेवते, तेव्हा तिला विचारत जा. अनू त्यांना बाबा म्हणाली तर म्हणू दे. टोकू नकोस, आणि आमची आठवण काढून डोळ्यांत पाणी आणू नकोस तिच्यासमोर. ती मोठी झाली आणि तिने स्वतः विचारलं, तर सांग की तुझ्या वडिलांनी अंगणात वाफे केले होते आणि तुझ्या आजोबांना ते फार आवडले होते. हे खोटं नाही. तिला वाटलं तर तेव्हा तिला येऊ दे, आम्ही असलो तर असू.

तुझ्या कपाटातलं सगळं प्लासिडच्या टेम्पोने पाठवते, तो पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला जाणार आहे. सिद्धेशचा निळा स्वेटर मी ठेवून घेतलाय, तो मागू नकोस. तुझी खोली आता रोज झाडणार नाही.

यापुढे आई म्हणून हाक मारायला तुला त्या घरात दुसरी बाई असेल. मोकळेपणाने मार. माझं काही कमी होत नाही, असं मी लिहिणार होते, पण होतं, खूप कमी होतं. तरी मार.

बाळ, येऊ नकोस. सुखात राहा.

सिद्धेशची आई